धावणाऱ्या बायकांची वही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी पुण्यात तळजाईवर जमणाऱ्या आमच्या गटात नवी आलेली प्रत्येक जण थोड्याफार फरकाने हेच विचारते. पहिली दोन वर्षं मी धावता धावता उत्तरं देत होते, त्यात माझीच दमछाक व्हायची. म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही, कोचही नाही. एकेचाळिसाव्या वर्षी धावायला लागलेली, दोन मुलांची आई. पोटासाठी लोकांचे हिशेब लिहिते, त्यामुळे नोंदी ठेवायची खोड जुनी.

ही वही वही म्हणतात ती काय भानगड आहे?

दोनशे पानी, लांबट, लाल पुठ्ठ्याची हिशेबाची वही. रविवारी कोणाच्या तरी स्कूटीच्या सीटवर ती उघडी पडलेली असते. चार रकाने : तारीख, किती धावलीस, कसं वाटलं, आणि खाडा. आठवड्यात ठरवलेला जो दिवस चुकला त्याचं कारण चौथ्या रकान्यात लिहायचं. 'पोराची परीक्षा.' 'पाहुणे.' 'गुडघा.' 'कंटाळा.' एकीने एकदा नुसतं 'रडू आलं, कोपऱ्यावरून परत फिरले' असं लिहिलं होतं. कारण कोणाला पटलंच पाहिजे असं नाही, लिहिलं गेलं पाहिजे.

व्हॉट्सअॅपवर आमचा ग्रुप आहेच. पण तिथे घड्याळाचे, पदकांचे आणि सूर्योदयाचे फोटो पडतात. खाडा तिथे कोणीच टाकत नाही. नवी मुलगी ते फोटो बघते आणि समजते की बाकी सगळ्या रोज पहाटे पाचला हसतमुखाने धावतायत, आपणच तेवढ्या आळशी. वहीतला चौथा रकाना वाचला की तिचा जीव भांड्यात पडतो.

मी शाळेनंतर कधी धावलेच नाही. बसच्या मागेसुद्धा नाही. जमेल?

जमेल, पण पहिल्या दिवशी धावायचं नाही. आधी तीनेक आठवडे अर्धा तास सलग, भरभर चालता आलं पाहिजे. मग एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. हळूहळू धावण्याचं मिनिट वाढवायचं, चालण्याचं कमी करायचं. नऊ-दहा आठवड्यांत बऱ्याच जणी सलग वीस-पंचवीस मिनिटं धावतात. काहींना सोळा आठवडे लागतात. मला सतरा लागले.

रक्तदाब, साखर, हृदयाचा काही त्रास, किंवा चालताना छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग बूट.

किती वेगाने धावायचं?

भाजीवालीशी घासाघीस करता येईल इतकाच श्वास लागला पाहिजे. दोन शब्दांवर बोलणं अडलं की वेग जास्त झाला. नवख्या बायकांची सगळ्यात मोठी चूक हीच. कोणीतरी बघतंय म्हणून जोरात सुटायचं, दोनशे मीटरवर धाप लागली की 'धावणं आपलं काम नाही' म्हणून घरी जायचं. किलोमीटरला नऊ मिनिटं लागली तरी ते धावणंच. आमच्यातल्या जुन्या धावपटूही आठवड्यातले बहुतेक किलोमीटर गप्पा मारत काढतात. हृदय, फुप्फुसं, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या यांची तयारी त्या रटाळ, संथ किलोमीटरमधूनच होते.

सासूबाई म्हणतात, एवढं पळून गर्भाशय खाली येतं. खरं आहे का?

सासूबाई एकट्या नाहीत. हे साऱ्या जगाला वाटायचं आणि मोठमोठे डॉक्टर तसं बोलायचे. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली. शेवटी काही जणी दमून खाली बसल्या, याचा एवढा बभ्रा झाला की ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद राहिली. पुरुषही शर्यत संपल्यावर आडवे होतात, त्यांची कोणी बंद केली नाही.

१९६६ मध्ये बॉबी गिब बोस्टन मॅरेथॉनला झुडपात लपून बसली आणि क्रमांकाशिवाय पूर्ण अंतर धावली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झरने नावाची नुसती आद्याक्षरं लिहून नोंदणी केली. २६१ क्रमांक लावून ती पळत असताना एका पदाधिकाऱ्याने तिला रस्त्यात धरून तो क्रमांक ओढायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही. बोस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं. लॉस एंजलिसला जोन बेनॉइटने ४२.१९५ किलोमीटर २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत संपवले. तेव्हा आमच्या गटातल्या निम्म्या जणी जन्मलेल्या होत्या, म्हणजे ही फार जुनी गोष्ट नाही.

तेव्हा, निरोगी बाईचं गर्भाशय धावल्याने खाली येत नाही. पण आधीपासून अंग बाहेर येत असेल, खाली ओढल्यासारखं वाटत असेल, किंवा धावताना-शिंकताना लघवी होत असेल, तर तो ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा प्रश्न आहे. त्याला उपचार आहेत, व्यायाम आहेत. आमच्या वहीत हे पहिल्यांदा लिहायला एकीला आठ महिने लागले. तिने लिहिलं, आणि पुढच्या रविवारपर्यंत त्याच पानावर आणखी चौघींनी 'मलाही' लिहिलेलं होतं. त्यातल्या तिघी फिजिओथेरपिस्टकडे गेल्या.

बाळंतपणानंतर कधी सुरू करू?

घाई नको. साधारण तीन महिने, म्हणजे बारा आठवडे, धावणं नाहीच. त्याआधी चालणं आणि ओटीपोटाचे व्यायाम, तेही डॉक्टरांना विचारून. सिझेरियन असेल तर आणखी सबुरीने. अंगावर पाजत असाल तर पाजून मग निघा, धावताना सोसणारं आहे. आणि झोप मिळाली नसेल त्या दिवशी खाडा. तो खाडा मी स्वतः वहीत लिहीन.

पाळीत धावावं का?

वाटलं तर धावा, नाही वाटलं तर नका. काही जणींना हलकं धावल्यावर पोटदुखी कमी वाटते, काही जणी पहिले दोन दिवस उठूही शकत नाहीत. यात शौर्य नाही आणि आळसही नाही. वहीत पाळीच्या दिवशी आम्ही एक टिंब काढतो. तीन-चार महिन्यांत प्रत्येकीला स्वतःचा नमुना दिसतो : कोणाचे आधीचे चार दिवस पाय शिशाचे होतात, कोणाची सगळ्यात चांगली धाव नेमकी तिसऱ्या दिवशी येते.

मात्र वाढत्या धावण्याबरोबर पाळी लांबायला लागली किंवा तीन महिने आलीच नाही (आणि दिवस गेलेले नाहीत), तर आनंद मानू नका. शरीराला खर्चाच्या मानाने खाणं कमी पडतंय, असा त्याचा अर्थ असू शकतो. मग हाडं ठिसूळ होतात आणि पायाच्या हाडाला बारीक तडा जातो. वजन उतरतंय म्हणून सगळे कौतुक करत असतात, म्हणून हे कळायला फार उशीर होतो. डॉक्टरांकडे जा आणि भाकरी वाढवा.

नीट चाललं होतं, अचानक पाय जड झालेत. मी आळशी झालेय का?

माझीच गोष्ट सांगते, कारण वही सुरू व्हायचं कारण ती.

तिसऱ्या वर्षी मी १० किलोमीटर ७५ मिनिटांत आरामात करत होते. मग तेच अंतर ८५ मिनिटांवर गेलं. जिना चढताना धाप, संध्याकाळी डोकं जड. मी ठरवून टाकलं की मनच लावत नाही आपण. आणखी पहाटे उठायला लागले, आणखी जोर लावला, आणखी हळू झाले. तेव्हा मी एकटीच एका छोट्या डायरीत लिहायचे. एकदा बरोबरच्या एका काकूंनी ती सहज चाळली. त्या निवृत्त परिचारिका. त्या म्हणाल्या, "अगं, सहा आठवडे तू एकच वाक्य लिहितेयस. पाय जड, पाय जड. हिमोग्लोबिन बघितलंस का कधी?"

९.४ निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. रक्तात प्राणवायू वाहून नेणारंच कमी, तर पाय हलणार कुठून? देशाच्या कौटुंबिक आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे धावायला येणाऱ्या दोघींतली एक त्यात असू शकते. त्यात पाळीतला रक्तस्राव जास्त असेल तर भरच.

म्हणून गटात आल्यावर पहिल्या महिन्यात हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या असं आम्ही मागेच लागतो. गोळ्या मनाने सुरू करू नका. डॉक्टरांनी दिल्या तर त्या आणि चहा यांच्यात तास-दोन तासांचं अंतर ठेवा, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. जेवणावर लिंबू पिळलं की फायदा होतो. अळिवाचे लाडू, हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं, खात असाल तर मटण-कलेजी, हे सगळं चांगलंच, पण ९.४ असताना नुसत्या पालकाच्या भाजीने भागत नाही. मला परत ७५ मिनिटांवर यायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांच्या नोंदी मी आजही नव्या मुलींना दाखवते, पदकं नाही.

कपडे काय घालू? साडीत धावलं तर चालेल?

चालेल. सलवार-कमीज, टी-शर्ट-लेगिंग, नऊवारी, ज्यात तुम्ही घराबाहेर पडू शकता ते. बारामतीच्या लता करे नऊवारीत अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांची शर्यत जिंकल्या, साठी ओलांडलेली असताना, नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवे म्हणून. ते फोटो साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. कौतुक झालं ते योग्यच. पण त्यावरून 'बुटांची काय गरज' असा अर्थ काढू नका. त्यांच्याकडे पर्याय नव्हता, तुमच्याकडे असेल तर बूट घ्या.

पैसे दोनच गोष्टींवर घाला : बूट आणि स्पोर्ट्स ब्रा. ब्रा घालून दुकानातल्या खोलीतच उड्या मारून बघा, लाजू नका. पट्टा काचला तर घट्ट, हलली तर सैल. बूट पाऊण हजार किलोमीटरच्या आतबाहेर दमतात, वरून चकचकीत दिसले तरी. घड्याळ नसलं तरी काही अडत नाही.

मंगळसूत्र मानेवर आपटतं आणि घामाने काचतं. काही जणी ते टी-शर्टच्या आत चिकटपट्टीने लावतात, काही छोटं घालतात, काही घरी ठेवतात. ज्याचा त्याचा प्रश्न. सोनं अंगावर घालून अंधारात येऊ नका, एवढं मात्र सांगेन. पावसाळ्यात काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन लावायला विसरलात तर अंघोळीच्या वेळी आठवण होईल.

पहाटे अंधारात भीती वाटते.

वाटायलाच हवी. नवीन रस्त्यावर एकटीने जायचं नाही. फोनवर घरच्यांना ठिकाण दिसेल असं ठेवायचं, दोन्ही कानांत गाणी घालायची नाहीत, वाहनांच्या समोरून म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने धावायचं. कोणी त्रास दिला तर ११२. आमच्यातल्या दोघींच्या मागे एकदा एक दुचाकीवाला महिनाभर यायचा. दोघींनीही हे वेगवेगळं सोसलं, कारण सांगितलं तर घरून धावणं बंद होईल ही भीती. वहीत एकीने खाड्याचं कारण 'तो' एवढंच लिहिलं, दुसरीने ओळखलं. मग पुढचे पंधरा दिवस आम्ही अकरा जणी त्याच रस्त्याने गेलो. तो पुन्हा दिसला नाही.

कुत्री मागे लागली तर पळू नका. थांबा, तोंड त्यांच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरा. चावलं तर साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद वगैरे नंतर, खरं तर नकोच.

घरचं आवरून वेळ मिळत नाही.

मिळत नाहीच, काढावा लागतो, आणि तो कोणाच्या तरी वाटणीचा असतो, हे उघड बोललेलं बरं. आमच्यातल्या ज्यांचं सातत्य टिकलं त्यांच्या घरी आठवड्यातले तीन डबे दुसरं कोणीतरी भरतं. कणीक रात्री मळून ठेवणं वगैरे युक्त्या सगळ्यांना येतात. 'मंगळवारी डबा तू भर' हे वाक्य मात्र येत नाही. माझ्या नवऱ्याने पहिल्या महिन्यात मुलांना सलग चार मंगळवार ब्रेड-जॅम दिला. कोणी मेलं नाही.

दुखायला लागलं तर थांबू की रेटू?

दोन्ही पायांत सारखं, स्नायूत, दुसऱ्या दिवशी ठणकतंय आणि चालल्यावर मोकळं होतंय, तर ते कष्टाचं दुखणं. एकाच जागी, बोटाने दाखवता येईल असं, हाडावर, धावल्यावर वाढणारं किंवा रात्री झोपमोड करणारं, तर थांबा आणि दाखवा. नडगीचं दुखणं बहुतेक वेळा एकदम अंतर वाढवल्याने येतं. आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, असा एक ढोबळ नियम आहे. ढोबळच, पण आवर घालायला बरा. आठवड्यातून दोनदा पायऱ्या चढणं, बैठका, टाचा उचलणं हे करा. कंटाळवाणं आहे, मीही टाळते, आणि दरवर्षी त्याची किंमत मोजते.

चाळिशी-पन्नाशीत सुरू करून काय उपयोग?

पाळी जाण्याच्या सुमारास हाडांची घनता झपाट्याने उतरते. पायांवर भार देणारा व्यायाम त्याला थोडा अटकाव करतो, म्हणून उलट आता तर कराच. बरे व्हायला दिवस जास्त लागतात, तेवढे द्या. आमच्यातल्या सगळ्यात वडील काकू चौसष्ट वर्षांच्या आहेत.

उपासाच्या दिवशी?

चतुर्थीला हलकं धावता येतं. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा खाऊन लांब पल्ला मारायचा नाही, चक्कर येऊन पडलेली आम्ही पाहिली आहे. राजगिऱ्याचा लाडू, केळं, ताक, शेंगदाणे चालत असतील तर खा. एरवी तासाभराच्या धावेला आधी एक केळं पुरतं. लांब धावेत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी तहान लागेल तसं घोट घोट. भीतीने लिटरभर ढोसू नका, नुसतं पाणी फार प्यायल्यानेही रक्तातलं मीठ उतरून त्रास होतो.

माझ्याबरोबर सुरू केलेली आता माझ्या खूप पुढे गेली. तोंडदेखलं अभिनंदन करते, पण आत जळतं.

हे विचारायला धीर लागतो. आम्हा सगळ्यांना जळतं. माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेली मुलगी पहिल्याच अर्धमॅरेथॉनला २ तास ५ मिनिटांत पोहोचली, तेव्हा मी दोन दिवस तिच्या मेसेजला उत्तर दिलं नव्हतं. मग तिच्या नोंदी चाळल्या. ती आठवड्याला चार दिवस धावत होती, मी अडीच. तिला पोरं नव्हती, मला सासऱ्यांचं दवाखान्याचं बघायचं होतं. जळणं गेलं नाही, पण निदान आकड्यांत बसलं. स्वतःची मागच्या वर्षीची पानं शेजारी ठेवून बघा, दुसरीची नाही.

मागे पडलेल्या मैत्रिणीला धीर कसा द्यायचा?

'अगं काही नाही होत, उठ आणि पळ' हे म्हणायचं नाही. 'तू खूप स्ट्राँग आहेस' हेही नको, ते ऐकलं की पुढचं रडणं गिळावं लागतं. वजनाबद्दल बोलायचं नाही, चांगलंसुद्धा. तिला विचारा, 'उद्या नुसती चालायला येतेस? साडेपाचला तुझ्या फाटकाशी थांबते.' आणि खरंच थांबा. आमच्या एका ताईंचं गर्भाशय काढल्यानंतर चार महिने दोघी जणी त्यांच्या सोसायटीत गोल गोल चालत होत्या. त्या सोबत चालणाऱ्या दोघींच्या स्वतःच्या रकान्यात त्या महिन्यांत शून्य किलोमीटर आहेत.

शर्यत कधी, कोणती?

पहिली ५ किंवा १० किलोमीटरची, घराजवळची. अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, निदान वर्षभर नियमित धावल्यावर. साताऱ्याची डोंगरातली शर्यत सगळ्यांना खुणावते. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि परत उतरायचा. चढाला सगळ्या घाबरतात, पण मांड्या मोडतात उतारावर, त्यामुळे उताराचाही सराव करा. मुंबईची जानेवारीतली : समुद्र, ढोल, रस्त्याच्या कडेला बिस्किटं-संत्री घेऊन उभी माणसं, आणि पाय संपत आल्यावर पेडर रोडचा चढ.

मुंबईचं नाव निघालं की ललिता बाबर. साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव. मुंबईत ती लागोपाठ तीनदा भारतीय बायकांत पहिली आली. नंतर मॅरेथॉनवरून ३००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीकडे वळली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. आमच्यातली माणची एक जण हे सांगताना दरवेळी कॉलर ताठ करते.

शर्यत अर्धवट सोडली. लाज वाटते.

मी सतराव्या किलोमीटरला सोडली आहे. पोटात मुरडा, ऊन, डोळ्यांपुढे काजवे. रुग्णवाहिकेत बसून परत आले, शेजारी एक कॉलेजातला मुलगा तसाच बसलेला. दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. घरी मुलीने पदक मागितलं. वहीत मी 'सोडली' एवढंच लिहिलं होतं, काकूंनी परत बोलावून कारणं लिहायला लावली : आदल्या रात्री लग्नाचं जेवण, पाच तास झोप, पहिले पाच किलोमीटर नेहमीपेक्षा वेगात. एवढं लिहून झाल्यावर त्यात लाजेला फारशी जागा उरली नाही, नुसता मूर्खपणा दिसत होता. पुढच्या वर्षी तीच शर्यत २ तास ५१ मिनिटांत पूर्ण केली.

फी किती? कुठे यायचं?

फी नाही. रविवारी सकाळी पावणेसहा, तळजाईवर. पावसात गट कमी होतो, पण कोणीतरी असतंच. पहिल्या दिवशी वहीत नाव, घरच्या एका माणसाचा फोन आणि रक्तगट लिहावा लागतो. पेन मात्र स्वतःचं आणा. वहीला सुतळीने बांधलेलं पेन गेल्या पावसाळ्यापासून गायब आहे, आणि नेलंय कोणी हे सगळ्यांना माहीत असून ती अजून कबूल होत नाही.